बंद घरात उकळलेला दगड

लेस्टर हॅनिगन होम हिल गावातल्या साखर कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होता. माणसांशी त्याचं कधी फारसं पटलं नाही. निवृत्तीनंतर त्यानं बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी उभी केली, तीत प्रवाळ वाढवले आणि त्यांच्या भांडणांचा पंच होऊन बसला. कोण कोणाला डंख मारतो, कोणाला किती वीत लांब बसवायचं, सगळं त्याला तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस मात्र तिलाच सांगावा लागे.

बायको नोएलीन. तिला दमा. तोडणीआधी ऊस पेटवायच्या दिवसांत गावभर धूर कोंदायचा आणि एका वर्षी तर ती मरता मरता वाचली होती. तेव्हापासून शेतं पेटली की लेस्टर एकेक खिडकी लावून घेई, दाराखाली ओला टॉवेल कोंबी. प्रेमाचं बोलणं त्याला जमत नसे, हे जमे.

त्या सप्टेंबरात टाकीतला तंटा हाताबाहेर गेला. दोस्त इव्होनं दिलेल्या ‘गुंड्या’ माजल्या. गुंडीएवढे हिरवे-केशरी प्रवाळ, दिसायला गोजिरवाणे, पण बोट दिलं की हात धरणारे. लेस्टरनं आठ वर्षं जपलेल्या प्रवाळाला त्यांनी तीन बाजूंनी घेरलं.

“काढताना हातमोजे घाल,” इव्होनं फोनवर बजावलं. “अंगात विष असतं त्यांच्या.”

“तू मला शिकवू नकोस. कालचं पोर तू या छंदात.”

तरी मोजे घातले. ब्रशनं घासूनही गुंड्या सुटेनात. अंगणातल्या फटींतलं गवत लेस्टर उकळत्या पाण्यानं मारायचा. तोच उपाय इथे चालेल असं त्याला वाटलं. त्यानं गुंड्यांसकट दगड पातेल्यात घालून शेगडीवर चढवला. बाहेर ऊस पेटलेला, त्यामुळे घर आधीच बंद होतं.

“तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय रे,” नोएलीन खोकत म्हणाली.

“धूर शिरला असेल कुठून तरी.”

त्यानं घरभर फिरून पाहिलं. न्हाणीघरातली खिडकी बोटभर उघडी होती. ती त्यानं घट्ट लावली. पातेलं रटरटत होतं.

तासाभरात नोएलीन थंडीनं कापू लागली, मग तिला श्वास घेता येईना. लेस्टरचेही पाय लटपटत होते. कसाबसा त्यानं रुग्णवाहिकेला फोन लावला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. “धुराचंच दिसतंय. खिडक्या उघड्या होत्या का?”

“छे. एकही नाही.”

“आत काही जाळलं? शिजवलं?”

“काही नाही.” मग त्याला आठवलं. “प्रवाळाचा दगड उकळला. पण मोजे घातले होते मी.”

बाईंचं पेन थांबलं. त्या पडद्याआड नोएलीनच्या खाटेकडे धावल्या. लेस्टरला आता कळलं, गुंड्यांचं विष वाफेबरोबर घरभर पसरलं होतं. तिला श्वास घ्यायला जी एक बोटभर फट उरली होती, ती त्यानंच लावली होती.