तोंडातल्या टाचण्या

घरात माझ्या आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मधे बोलायची कोणाची टाप नव्हती. ती कामाला होती त्या शिवणकामाच्या दुकानात मात्र दिवसभर गप्प. काकांच्या नोकरीपायी परमुलखात येऊन वर्षं झाली होती. तिथली भाषा तिला सगळी कळायची, पण बोलायची नाही. बोलणं टाळायला तिने नामी युक्ती काढली होती. गिऱ्हाईक मापाला आलं की ओठांत टाचण्या धरायच्या. अशा बाईला कोण बोलायला लावणार?

या सगळ्याला माझी आतेबहीण जबाबदार, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉलेज सुटलं की ती दुकानात येऊन आईच्या वतीने बोलायची. सुरुवातीला आत्या तोंड उघडायची, तर हिची दुरुस्ती तयार, तीही गिऱ्हाइकासमोर. "आई, असं नाही म्हणत गं!" त्यापेक्षा टाचण्या बऱ्या.

एके दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही मागच्या खोलीत काजं-बटणं करा. पुढे बोलणारं माणूस हवं."

माणसाच्या अंगावर कपडा नीट बसवणं हा आत्याचा जीव की प्राण. घरी येऊन तिने भांडी आदळली. "मला मागे बसवतात काय? बघतेच!"

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी शिवलेला कोट घालून बघायला आले. उजवा हात ते पुरता उचलतच नव्हते. मालकीणबाई दारातून बघत होत्या. आत्याने सवयीने टाचण्या ओठांत धरल्या. मग एकेक काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या.

"हात... वर नाही? दुखतो? केव्हापासून?" तिने त्यांच्या भाषेत विचारलं. शब्द वेडेवाकडे, कानशिलं लाल.

म्हातारबुवा हसले नाहीत. "पडलो होतो," ते म्हणाले. "पण मुलीला जवळ घेता येईल, एवढा तरी वर जायला हवा."

मग आत्या विचारत गेली आणि काखेशी कापड कुठे सैल सोडायचं ते खडूने आखत गेली.

तेवढ्यात आतेबहीण आली. "आई, असं नाही म्हणत—"

"मधे बोलू नकोस," आत्या मान वर न करता म्हणाली. "माझं गिऱ्हाईक आहे. मी बोलतेय."

तेही गिऱ्हाइकाच्या भाषेत, मालकीणबाईंना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात.

सोमवारी काजं-बटणं मालकीणबाईंनी स्वतःच केली.