खानूनच्या रक्तातली पांढरी रेघ

पेचबुरी गावच्या पागेत कामाला लागून लमदुअनमावशीला बावीस वर्षं झाली होती. सर्पविषावरच्या औषधासाठी तिथे घोडे पाळत. घोड्याला आधी राईएवढं विष टोचायचं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. विषाला धरून निकामी करणारं द्रव्य त्याच्या रक्तात तयार झालं, की थोडं रक्त काढून त्याचं औषध करायचं. मावशीचा लाडका खानून, रंगाने पिकल्या फणसासारखा, आता एवढं नागविष पचवायचा की नवा घोडा जागच्या जागी आडवा झाला असता.

म्हणून एका सकाळी चरताना हिरवा चापडा साप त्याच्या नाकपुडीला डसला, तेव्हा मावशी ढिम्म हलली नाही. उलट पागेतल्या लोकांनाच म्हणाली, "कशाला बोंबलताय? नाग जिरवतो तो! त्या काडीएवढ्या किरड्याची काय मिजास!"

दुपारपर्यंत खानूनचं तोंड घागरीएवढं सुजलं. मग मात्र मावशीच बोंबलत सुटली. पागेची डॉक्टर चोतिका, वयाने मावशीच्या लेकीएवढी, धावत आली. शेजारच्या ठाणातल्या घोडीला चापड्याचं विष टोचत असत. तिच्या रक्ताचं औषध खानूनला दिलं. तीन दिवसांनी सूज उतरली, तो गवताला तोंड लावू लागला आणि मावशीने प्रश्नांचा सपाटा लावला.

"डॉक्टर, मला एवढं सांगा. इतकं जालीम विष पचवणारा घोडा एवढ्याशा सापाला का हरला?"

"मावशी, त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी फक्त नागाचं विष ओळखतात. ज्याला त्या ओळखून धरतात ते अँटिजेन. चापड्याच्या विषाचा आकारच वेगळा, त्यांच्या हातात तो बसतच नाही."

"तुम्ही म्हणता म्हणून मानू?"

"नका मानू. या, दाखवते."

चोतिकाने काचेच्या बशीत पारदर्शक जेली ओतली. ती थिजल्यावर तिला बारीक भोकं पाडली. मधल्या भोकात खानूनच्या रक्तातून निथळलेलं पिवळसर पाणी, एका बाजूला नागाचं विष, दुसऱ्या बाजूला चापड्याचं. "जेलीतून दोन्ही पसरत जातील. एकमेकांना धरलं, तर तिथे साका बसेल."

मावशी बशीकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "माझंही रक्त घाला की. विसाव्या वर्षी भाताच्या खाचरात मला नाग चावला होता. सहा बाटल्या औषध गेलं अंगात. तेव्हापासून नागाचं मला भय नाही. गवतात अनवाणीच फिरते."

चोतिका हसली नाही. तिने मावशीच्या दंडातून रक्त घेतलं आणि दुसरी बशी मांडली.

दुसऱ्या दिवशी मावशी चिकट भाताची पुरचुंडीही न सोडता थेट प्रयोगशाळेत गेली. पहिल्या बशीत नागाच्या बाजूला केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती. चापड्याच्या बाजूला काही नाही. आणि मावशीची बशी? कोरी.

"म्हणजे एवढी वर्षं मी फुकटच मिरवत होते?"

"तुमच्या अंगात गेल्या त्या घोड्याच्या अँटीबॉडी. पाहुण्या होत्या, काही आठवड्यांत संपल्या. विषाची तुमच्या शरीराशी नीट ओळख होण्याआधीच त्यांनी ते धरलं."

मावशीने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. नागाने त्यांना कुठल्याही दिवशी गाठलं असतं. पण त्या रेघेवरून तिची नजर हटेना.

"आणखी एक," ती म्हणाली. "नव्या घोड्याचं रक्त तयार व्हायला महिने लागतात. खानूनला दोन महिने सुट्टी देऊन नुसतं थोडं टोचलं, तरी आठवड्यात तयार होतं. हे मी कितीदा पाहिलंय. त्याच्या शरीराला नाग आठवतो का?"

चोतिकाने लेखणी खाली ठेवली. "आठवतो. पण हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. रोज चारा मीच घालते ना!"

"मग बसा," डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "ती आठवण कुठे राहते, ते सांगते."

त्या दिवशी घोड्यांना चारा उशिरा मिळाला.