टेबलाखालचा पाय

आमच्या चौघींच्या गटात भिंगरीचं बूड कधी जागेवर टिकायचं नाही, म्हणून बीएस्सीच्या प्रकल्पात आम्ही मुद्दाम तिलाच गोगलगायींवर लक्ष ठेवायला बसवलं. गोगलगायी मात्र शंखातून डोकं बाहेर काढेनात. आम्ही दिवा बदलला, पाला बदलला, एकमेकींवर खेकसलो. शेवटी पडलेलं झाकण उचलायला मी वाकले, तर भिंगरीचा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत होता आणि त्याबरोबर अख्खं टेबल.

"आई लहानपणापासून ओरडतेय," ती म्हणाली. मग थबकून म्हणाली, "पण यांना कान नाहीत ना? मग कळतं कसं?"

आम्ही तिघींनी अहवाल देऊन सुटकेचा निःश्वास टाकला आणि नोकऱ्या धरल्या. तिला मात्र तो प्रश्न झोपू देईना. पुढे संशोधनाच्या मुलाखतीत परीक्षक बाईंनी तिला विचारलं, "या विषयाकडे कशा वळलात?"

भिंगरी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं. बाईंनी वाकून टेबलाखाली पाहिलं.

"तिथूनच," भिंगरी म्हणाली.