वानवळ्यात गेलेली आफ्रिका

माझ्या सासूबाईंनी माझी आफ्रिका गल्लीत वाटून टाकली तेव्हा मी घरी नव्हते. त्याच आफ्रिकेचा नकाशा आणायला मी कॉलेजात गेले होते.

हे जरा नीट सांगायला हवं. मी तेव्हा बी.एड. करत होते, आणि तेही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा अंतिम पाठात आपटले होते. पाठ म्हणजे परक्या शाळेत, परक्या मुलांपुढे, मागच्या बाकावर परीक्षक बसवून घ्यायचा तास. विषय होता ऑस्ट्रेलिया. ऐन सोन्याच्या खाणींपाशी नकाशा खिळ्यावरून सुटला, अख्खा ऑस्ट्रेलिया माझ्या डोक्यावर पडला आणि त्याच्याखालून मी बाहेर आले तेव्हा मला पुढचं काहीच आठवेना. वर्ग हसला, परीक्षकही हसले आणि मग त्यांनी मला नापास केलं. एवढं हसवलं म्हणून तरी चार मार्क द्यायचे!

घरी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निकाल ऐकून पानाचा डबा मिटला. त्यांच्या लेखी जगाचे दोनच भाग होते, निजामाचं राज्य बुडवणाऱ्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा आणि नंतरचा.

"आमच्या वक्ताला जुगराफिया, म्हंजी तुमचा भूगोल, उर्दूत हुता," ते म्हणाले. "पोलीस ॲक्शन झाली अन् मराठीत आला. आमी दोन्हीत पास झालो. तुला एका भाषेत जमंना व्हय?"

मग निवाडा आला. अजून एक साल. तेवढ्यात पास झाले तर ठीक, नाहीतर बाडबिस्तरा उचलून गावाकडं जायचं. तिथं नवी मोसंबीची बाग लावली होती आणि घरचं माणूस हवं होतं. नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो म्हणाला, "बघू." हा त्याचा आवडता शब्द. लग्नाच्या वेळीसुद्धा तो हेच म्हणाला होता असं ऐकून आहे.

मोसंबीवर माझा राग नव्हता. पण मला शिक्षिका व्हायचं होतं, हाताला खडू लागलेली, आणि ही शेवटची संधी होती.

या खेपेला विषय मिळाला आफ्रिका खंडाची नैसर्गिक साधनसंपत्ती. शाळा फुलंब्रीची, वर्ग सातवीचा. म्हटलं, नकाशावर भरवसा ठेवायचा नाही, खरी संपत्तीच वर्गात न्यायची. नायजेरियाच्या नावानं आमच्या शेतातले शेंगदाणे घेतले, इजिप्तसाठी आमचाच कापूस. सहारासाठी खजूर, झांझिबारसाठी लवंगा, झांबियासाठी भंगारवाल्याकडून तांब्याची तार, दक्षिण आफ्रिकेसाठी कोळसा. इथिओपियाची कॉफी अवघड होती, पण कॉलेजातल्या मद्रासी बाईंनी कच्च्या बिया दिल्या. घानाचा कोको मिळेना, म्हणून चॉकलेटची गोळी पर्समध्ये टाकली. बाकी सगळं सासूबाईंच्या स्टीलच्या वाट्यांत भरलं, वाट्या सुपात मांडल्या, वर स्वच्छ फडकं टाकलं आणि नकाशा आणायला गेले.

संध्याकाळी परत आले तर ओट्यावर रिकामं सूप.

"आत्याबाई, वाट्या कुठं गेल्या?"

"दिल्या की," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "म्हनलं, सुनंला उशिरा का हुईना, शानपन आलं. शेतातला माल आला की वानवळा द्यावा, हे तुला सांगून सांगून माजी जीभ झिजली."

वानवळा म्हणजे काय हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. शेतात काही पिकलं की ज्यांच्याकडं पिकत नाही त्यांच्या घरी पहिली वाटी जाते. आणि ती वाटी रिकामी परत येत नाही, हा त्यातला कायदा. आम्ही शहराच्या कडेला गारखेड्यात राहायचो, तेव्हा घरामागं ज्वारीची रानं होती, पुढं मात्र नोकरदारांची गल्ली झाली होती. वानवळ्याला गिऱ्हाईक भरपूर.

"आत्याबाई, कोळसा कधी वानवळ्यात देतात का?"

"मला वाटलं तुला इस्त्रीवालीची कीव आली."

"आणि तार?"

"पलीकडच्या अण्णांचं मनगट दुखतंय. तांबं चांगलं असतं."

मी रिकामं सूप उचलून त्यांच्यापुढं धरलं. "अहो, ती माझी उद्याची परीक्षा होती! तुम्ही माझी आफ्रिका वाटून टाकलीत!"

"ते मला काय म्हाईत? सुपात वाट्या, वर फडकं. आता ह्याला वानवळा नाय म्हनायचं तर काय म्हनायचं?"

दिलेला वानवळा परत मागायला जाणं तर आमच्यात मेल्याहून मेल्यासारखं. मी रडले, जेवले नाही, आणि मनात एक वाईट शंका धरून बसले. गावाकडं बागेत मी गेले तर सासूबाईंना हवंच असणार. मुद्दाम तर नसेल केलं?

सकाळी उठले तर सूप पुन्हा भरलेलं! वाट्या एकूण एक परत आल्या होत्या, आणि कायद्याप्रमाणं रिकामी एकही नव्हती. फक्त आफ्रिका राहिली नव्हती. शेंगदाण्यांच्या वाटीत चटणी होती, लसूण घालून कुटलेली. कापसाच्या वाटीत देवाच्या वाती. लवंगा शेजारच्या खालांकडं, म्हणजे गल्लीच्या मुसलमान मावशींकडं, गेल्या होत्या, तिथून रात्रीचा पुलाव आला होता. खजुराच्या वाटीत स्वच्छ धुतलेल्या बिया आणि वर लाज राखायला चिमूटभर साखर. कोळशाच्या वाटीवर, इस्त्रीला टाकलेली माझी पाठाची साडी कडक घडी होऊन आली होती. अण्णांनी तारेचं कडं करून मनगटात घातलं होतं. ते काढायला ते तयार नव्हते, पण वाटीत त्यांनी दोन लिंबं धाडली होती. कॉफीच्या बिया तेवढ्या जशाच्या तशा होत्या, फक्त फुगलेल्या.

"ज्या बाईला दिल्या ती म्हनली, रातभर भिजवल्या पर मोड येईनात," सासूबाईंनी सांगितलं. "लई चिवट कडधान्य हाय म्हनं तुमचं."

दक्षिण आफ्रिकेचं सोनं तेवढं शाबूत होतं, कारण ते माझ्या गळ्यात होतं.

दुसरं काही जमवायला वेळ नव्हता. तेच सगळं पिशवीत कोंबून मी फुलंब्रीची एस.टी. पकडली. वाटेत जीव घाबरा झाला, तेव्हा चॉकलेटची गोळी खाल्ली. म्हणजे घानाही संपला.

वर्गात नकाशा मी दोन खिळ्यांवर टांगला. मागच्या बाकावर परीक्षक पेन उघडून बसले. मी टेबलावर वाट्या मांडल्या आणि ठरवलेलं पहिलं वाक्य तोंडातून येईना. पिशवीतून पुलावाचा वास सुटला होता. मुलं खुसखुसायला लागली. शेवटी म्हटलं, खरं तेच सांगावं.

"मुलांनो, काल माझ्याकडं आफ्रिका होती. माझ्या सासूबाईंनी ती मला न विचारता वाटून टाकली."

मग मी एकेक वाटी उचलत गेले. इथून शेंगदाणा गेला, ही चटणी झाली. इथून कापूस गेला, या वाती झाल्या. तांबं कुणाच्या तरी मनगटात आहे. कोळसा कुठं गेला? माझ्या साडीच्या घडीत! मुलं उठून उठून बघायला लागली. मी विचारलं, "माल कच्चा गेला आणि पक्का झाला. पण कुठं झाला?"

"दुसऱ्याच्या घरी!" सगळे ओरडले.

"आता बघा. आमच्या गल्लीत वाटी रिकामी येत नाही. आफ्रिकेतनं मात्र जहाजं भरून गेली. परत काय आलं?"

सहाराच्या बियांकडं बघत एक मुलगा म्हणाला, "बिया!" दुसरा म्हणाला, "तेच कापड, इकत!" मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. चेहरा अगदी गंभीर.

"बाई, मग आफ्रिकेची सासू कोन?"

परीक्षक इतके हसले की त्यांचा चष्मा निसटला. परीक्षक हसल्यावर काय होतं ते मी गेल्या साली पाहिलं होतं. पण ते डोळे पुसत म्हणाले, "बाई, उत्तर द्या. मलाही ऐकायचंय."

मी म्हटलं, "बाहेरून आलेले राज्यकर्ते. पण त्यांना सासू म्हणू नका. सासू वाटी परत आणते."

मी पास झाले. मामंजी म्हणाले, "आमच्या वक्ताला हे इतकं सोपं नव्हतं," आणि दोन पानं लावली, त्यातलं एक मला दिलं. फुलंब्रीच्या त्याच शाळेत माझी नेमणूक झाली.

पेढे द्यायला मी खालांकडं गेले. सहज म्हणाले, तुमच्या पुलावानं मला तारलं, बरं झालं वाटी त्याच सकाळी पाठवलीत. खाला म्हणाल्या,

"मैं कायकू भेजती? तेरी सास आई थी सुबू सुबू. पूरी गल्ली में घर घर फिरी. बोली, लवंगा वापस देव, बहू का इम्तेहान है. इत्ते बरस में पहली दफा मेरे दरवाजे पो कुछ मांगने आई वो. मैं बोली, लवंगा तो पुलाव में पड़ गए."

आमच्या सासूबाई उसनी साखरसुद्धा कधी कुणाकडं मागत नसत. घरी आले तर त्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, तुम्ही माझ्यासाठी दारोदार मागायला गेला होतात?"

"कोन म्हनलं?"

"खाला."

"तिला काय कळतंय! मी वाट्या मागाय गेले हुते. माज्या माहेरच्या वाट्या हायत त्या."

"मग लवंगा परत द्या असं का म्हणालात?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "वाटीत हुत्या म्हनून," त्या म्हणाल्या.

मग दाण्यांनी भरलेली एक वाटी माझ्याकडं सरकवली. "हे ने शाळंत. तितल्या बायांना वानवळा. अन् वाटी आठवनीनं परत आन."