माहेरी पाठवलेली सून

रथसप्तमी, दुपारचे तीन. तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत मी जे केले, त्यातले निम्मे घराला ठाऊक आहे. उरलेले निम्मे आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही.

रिठदच्या आमच्या ओसरीवर थोरल्या मुलाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. धाकटा मुलगा त्याआधीच एचआयव्हीने गेला होता. गावाला आम्ही कावीळ सांगितली होती. त्याची विधवा रेखा — तिलाही तोच आजार — गोळ्यांवर धडधाकट होती. गोळी एक दिवसही चुकता कामा नये, असे डॉक्टरांनी तिच्यादेखत मलाही बजावले होते. मग कळत नव्हते, असे म्हणू कसे?

तेवढ्यात दवाखान्याची कार्यकर्ती विचारपूस करायला दारात आली. पाहुणे पाहून तिने स्वतःच सांभाळून घेतले. “बचत गटातून आली जी. रेखाताई हाय का घरी?”

“भाऊ, तुमच्या सुनाबी मिटिंगा करतात काय!” एक पाहुणा हसला.

“ते माहेरी गेली,” मी म्हणालो.

रेखा आत पोहे परतत होती. तिने ऐकले. उलथन्याचा आवाज थांबला.

पाहुणे दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होते. खोटे खरे करणे भाग होते — की मला तसे हवेच होते? मी तिला पिशवी भरायला सांगितले. ती निघाली. एवढे घराला ठाऊक आहे.

पाहुणे कारंज्याकडचे, तिच्या भावाचे घरही तिकडेच. तिथे कोणी गोळ्या पाहिल्या तर? ती तुळशीच्या पाया पडायला वळली, तेव्हा मी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. तिला एसटीत बसवायला फाट्यापर्यंत चालताना बाटली माझ्या बंडीच्या खिशात वाजू नये, म्हणून वर हात दाबून धरला. रेखाला वाटले, छातीत दुखते. तिने पाणी विचारले.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. “मामाजी, बाटली मीच इसरली जी. पाठवसान का?”

“पाहातो,” मी म्हणालो. पाठवली नाही. भावाला कळू न देता दवाखाना गाठणे तिला जमणार नाही, हे मी जाणत होतो. नातीचे लग्न वैशाखात झाले. पोळ्याआधी रेखा गेली. शेवटपर्यंत ती स्वतःलाच विसरभोळी म्हणत होती — आणि मी ते फोनवर ऐकत होतो.

रथसप्तमीच्या त्या संध्याकाळी तिची गाडी दिसेनाशी झाल्यावर मी परतलो. उकिरड्यात फावड्याने खड्डा केला, बाटली पुरली, वर शेण ओढले. हात धुतले. बैलांना कडबा टाकला.