सगळं माझ्या दगडापाशी अडायचं

आमच्या सिमेंटच्या यार्डात माझी जागा ठरलेली. टिनाच्या शेडच्या टोकाला, पाण्याच्या हौदाशेजारी, एक बुटकं टेबल आणि त्यावर माझा घासायचा दगड. आदल्या दिवशी ओतलेली पट्टी साच्यातून निघाली की आधी माझ्यापाशी यायची. मी तिची दोन्ही टोकं घासून द्यायची, मग ती भिजत ठेवायला हौदात जायची.

तुम्ही म्हणाल, घासायची कशाला? तर सांगते. सिमेंटची तयार कंपाउंड भिंत पाहिली असेल ना तुम्ही, इथल्या उरल्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर तर दोन्हीकडे तीच आहे. खांब उभे, खांबाला वरपासून खालपर्यंत खाच, आणि दोन खांबांच्या मधात एकावर एक पट्ट्या वरून सोडलेल्या. पट्टीचं टोक खाचेत गेलं पाहिजे. आमची पट्टी जात नसे. मी घासली की जाई. एवढंच माझं काम, आणि माझा सगळा तोरा त्या कामावर. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहाराची भिंत आमच्याच पट्ट्यांची. वंदनेला गेले की येताजाता मी तिच्यावरून हात फिरवायची आणि बायांना सांगायची, ही प्रत्येक पट्टी माझ्या हातून गेलेली आहे बरं. हे आठवलं की आता कानशिलं गरम होतात.

आमचे मिस्त्री, म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात म्हणून मीही म्हणते. रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. विदर्भातून इकडे रायपूरला आले ते त्याच नोकरीपायी. नोकरी सुटल्यावर गुढियारी वस्तीच्या पुढे जागा घेऊन हे यार्ड टाकलं. खांबाचा लोखंडी साचा तयार आणला, पण पट्टीचा साचा त्यांनी स्वतः केला, सागाचा. त्या साच्याला आम्ही 'माय' म्हणायचो. पुढे जे जे साचे झाले ते मायवरून. नवी फळी मायच्या फळीला चिकटवायची, पेन्सिलीनं रेघ ओढायची, करवत लावायची. टेप लावायचा नाही. कोणी टेप काढला की मिस्त्री म्हणायचे, "मायवरून लेक होते गा, टेपवरून नाही." नवा साचा झाला की मायला खेटून ठेवून पाहायचे. काठाला काठ भिडला की एक बत्तासा मायपुढे, एक आमच्या तोंडात.

गिऱ्हाईकही तसंच. कोणाला फुलाची पट्टी हवी, कोणाला विटांची, कोणाला वीतभर आखूड. मिस्त्री कोणालाच नाही म्हणत नसत. तऱ्हेतऱ्हेचे साचे, आणि निम्मे नेहमी भिंतीला टेकून रिकामे.

मग सून कामात आली. नव्या रायपूरला ऑफिसात होती, ती नोकरी सोडून. मराठी सगळं समजते तिला, पण बोलते हिंदीत. आल्या आल्या तिनं एका नव्या कॉलनीच्या भिंतीचं मोठं काम धरलं. मिस्त्रींनी हौसेनं मायवरून आणखी साचे केले. ओतणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बाया, वाढवल्या. आणि तरीही गाडी भरेना! हौद अर्धा रिकामा, ओतायची जागा भरलेली, आणि मधात माझ्या टेबलापाशी पट्ट्यांची थप्पी छातीएवढी. मी तर कमरेत पदर खोचून घासत होते. सकाळी आले की दगड, जेवले की दगड. मला वाटे, पाहा, या वयातही किती राबते मी.

सून दोन दिवस नुसती उभी राहून पाहत होती. मग माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि हळूच म्हणाली, "आई, बुरा मत मानना. सब कुछ आपके पास आके रुकता है."

माझ्या हातातला दगड थांबला. सगळ्यांत जास्त राबणारी मी, आणि काम माझ्यापाशीच अडून राहिलं होतं. मी म्हटलं, "मग दोन बाया दे न मले घासाले."

"दो लोग दो तरह से घिसेंगे आई. फिर कौन सी पट्टी किस खंभे में जाएगी, किसको पता?" मग तिनं खिशातून टेप काढला, मागेपुढे पाहिलं, आणि मायची फळी मोजली. खाच मोजली. माझ्याकडे बघितलं. सूतभर. मायच्या काठाची फळी खाचेहून सूतभर उंच होती. म्हणून पट्टी सूतभर जाड. म्हणून मी घासत होते. आणि मायच्या सगळ्या लेकी तशाच.

"बाबा को कैसे बोलूँ?" तिनं विचारलं.

"बोलूच नको," मी म्हटलं. तिचा हात धरला मी, खोटं कशाला सांगू. मिस्त्रींचं सगळं नाव त्या साच्यावर. इथल्या रेजा-कुली त्यांच्यासमोर बिडी विझवतात. त्यांना या वयात चारचौघांत कळावं की माय मुळातच चुकली, हे मला सहन होणारं नव्हतं. आम्ही दोघींनी ठरवलं, लाकूड झिजलं एवढंच सांगायचं, आणि लोखंडी साचे करून घ्यायचे. एकच लांबी, एकच जाडी, एकच पट्टी. फुलं-विटा बंद.

मिस्त्री जरा फुरफुरले, "लोक काय वं, सगळे एकाच मापाचे असतात?" पण मानलं. उरल्याहून साचे आले, काळेशार, सगळे एकसारखे. आम्ही उतरवून घेतले. आणि जे माझ्या डोक्यातच आलं नाही ते झालं. मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे नवा साचा उचलून मायला खेटून ठेवला.

काठाला काठ भिडेना. लोखंडाचा काठ खाली राहिला.

"चुकला!" मिस्त्री ओरडले. सगळ्या रेजा जमल्या. "पाय वं सूनबाई, तुह्या उरल्यावाल्यानं फसवलं तुले. सगळेच्या सगळे वापस कर."

सून खाली मान घालून उभी. तिला बोलता येत होतं, टेप तिच्या खिशात होता. माझ्यामुळे ती गप्प राहिली, आणि दोष तिच्यावर आलेला मी पाहत राहिले. शेवटी एवढंच म्हणाली, "बाबा, एक डालके देख लेते हैं."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मिस्त्री स्वतःच पुढे झाले, नवा साचा खोटा ठरवायचा होता ना त्यांना. मी सवयीनं दगड उचलला तर म्हणाले, "थांब, घासू नको. अशीच टाकू." त्यांनी आणि एका कुलीनं पट्टी उचलून खांबांच्या मधात धरली आणि सोडली. सट्‌कन खाली गेली, जशी बाटलीतून तेलाची धार.

सगळे वाकून खाचेत पाहू लागले. मग मिस्त्रींनी माझ्याकडे वळून, अगदी साधेपणानं विचारलं, "मग तू आजवर काय घासत होती वं?"

सगळे हसले. आमची जुनी रेजा, मोठी तोंडाळ, म्हणाली, "दाई, अब का घिसबे? ले, हमर मुड़ी ला घिस दे!" आणि डोकं पुढे केलं.

मीही हसले. म्हटलं, "काही नाही जी, पट्टी बरोबरच असे. मलेच चैन नव्हतं, उगाच घासत बसे." सगळ्यांना पटलं, न घासलेली पट्टी आजवर कोणी खांबात टाकून पाहिलीच नव्हती. म्हातारी बाई, रिकामा हात, उगाच घासत बसली. इतकी वर्षं. माझी विहारातली बढाई ज्या बायांनी ऐकली होती, त्यातल्या दोघी तिथंच घमेलं घेऊन उभ्या होत्या. पदर तोंडावर घ्यावा की कुठं जावं, मला कळेना.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर मायपाशी उकिडवे बसले आणि फळीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. सुताराचा अंगठा, त्याला टेप लागत नाही.

"सूतभर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सांगितलं काहून नाही?"

"मले तर आत्ताच समजलं जी. मले वाटे, घासणं म्हणजेच काम."

ते उठले. मग सुनेला हाक मारली, आणि मी ऐकेन एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तुहा साचा बरोबर हाय पोरी. आमचा चुकला होता." मी ज्यासाठी एवढी लपवाछपवी केली ते त्यांनी एका वाक्यात टाकून दिलं. उलट मीच अडाणी ठरले, त्यांना इतकं कच्चं समजले म्हणून.

आता गाड्या भरून जातात. पट्टी साच्यातून थेट हौदात. माझं टेबल उचललं, तिथून पाण्याचा पाइप जातो. पण हाताचं काय सांगू! पहिल्याच आठवड्यात, कोणी नाही पाहून, मी एक पट्टी घासली. चांगली, बरोबर मापाची पट्टी. खांबात टाकली तर ढिली झाली, दात हलावा तशी. सुनेनं ते पाहिलं. ती पट्टी गिऱ्हाइकाकडे न पाठवता तिनं आमच्याच यार्डाच्या भिंतीत, फाटकाजवळ बसवली.

ट्रक गेला की ती खडखडते. आलेगेले विचारतात, ही एकच काहून वाजते? रेजा माझ्याकडे पाहतात. ती वाजू नये म्हणून मिस्त्रींनी मायच्या फळीची एक ढलपी काढून खाचेत पाचर ठोकली आहे. मध्येमध्ये ती पाचर पडते, मग ते उठतात, हातानंच परत बसवतात, आणि येऊन माझ्याशेजारी बसतात. मी दुसरीकडे बघते.