गव्हाच्या कोठीतल्या टेपा

लीलाधरचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्यासमोर तो दूध मोजून घेई आणि दूधवाला गेला की पुन्हा मोजी. अशा माणसाच्या हाती जळगावच्या एका डाळमिलच्या मालकानं, रतिलालशेठनं, कॉम्प्युटरची खोली दिली. साल सत्त्याण्णव. दुबई-कोलंबोच्या ऑर्डरी तेव्हा नुकत्याच ई-मेलनं येऊ लागल्या होत्या. सगळ्या हापिसाची पत्रं सर्व्हर नावाच्या एकाच मोठ्या मशीनमध्ये साठत. ते बिघडलं तर पत्रं बुडू नयेत म्हणून लीलाधर संध्याकाळी त्यांची नक्कल टेपवर उतरवी. ही बॅकअपची कामगिरी, हीच त्याची नोकरी.

खोली झाडायला शिंदखेड्याकडचा चुडामण शिपाई येई. लीलाधरच्या मनात पाल चुकचुकली. हा गडी एखादी टेप पलीकडच्या मिलवाल्याला नेऊन देत असणार. मग रोज सुटताना तो चुडामणचा जेवणाचा डबा उघडून बघू लागला. चुडामण चकार शब्द बोलत नसे. त्यामुळे तर लीलाधरचा संशय जास्तच बळावला. शेवटी त्यानं सगळ्या टेपा मेहरूणला घरी नेल्या, फडक्यात बांधल्या आणि गव्हाच्या रिकाम्या कोठीत तळाशी दडवल्या. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. बायकांच्या पोटात काही राहतं का, हे त्याचं ठाम मत.

मे महिन्यात लाइटीच्या लपंडावात सर्व्हर जळाला. शेठ घाबरले, लीलाधर मात्र ऐटीत घरी आला. बघतो तर कोठी काठोकाठ भरलेली. बायकोनं, बेबाबाईनं, रीतीप्रमाणे वर्षाचे गहू एरंडेल चोळून भरून ठेवले होते. त्यानं सगळे गहू घरभर ओतले. तळाचं गाठोडं तेलानं निथळत होतं.

"गाठोडं दिसलं व्हतं मले," बेबाबाई म्हणाली. "पन इचारलं असतं त तुम्ही म्हनले असते, तुले काय करनं?"

तो तसं म्हणालाच असता.

नव्या मशीननं एकही टेप वाचली नाही. शेठनं त्या तेलकट टेपांकडे पाहिलं, मग लीलाधरकडे.

"हापिसातलं कपाट सोडून या घरी कशाला नेल्या? कुणाला द्यायच्या होत्या?"

"चोरीला जातील म्हणून, शेठ."

"चोराच्या मनात चांदणं," शेठ म्हणाले, आणि चुडामणला हाक मारली. "आजपासून यांचा डबा तपासूनच बाहेर सोडायचं."

संध्याकाळी लीलाधर फाटकाशी आला. आता चुडामण सगळं वसूल करणार, याची त्याला खात्री होती. चुडामणनं फाटक उघडलं.

"जा भाऊ. डबामा भाकरच व्हई."

लीलाधर जागचा हलेना. यात काय डाव असेल, ते त्यानं खूप शोधलं, सापडेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं स्वतःच झाकण काढलं आणि रिकामा डबा चुडामणपुढे धरला.

"बघ तरी," तो म्हणाला.

चुडामणनं पाहिलं नाही.